रिपोर्ट हिरवा, ट्रक उभे: आयटिल आणि आयएसओ २०००० धंद्याच्या उपयोगी कधी पडतात?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "मध्यम आकाराच्या कंपनीत आयटी बघतो. टीम चौदा जणांची. व्यवस्थापनाने बिझनेस एक्सलन्सच्या मूल्यांकनाला उतरायचं ठरवलंय आणि आम्हाला निरोप आलाय की वर्षभरात आयटिल लागू करा, आयएसओ २०००० घ्या. याने धंद्याला खरंच काही मिळतं का, की नुसती फायलींची भर? आणि सुरुवात कुठून करायची?"

नवख्या वाचकांसाठी आधी एवढंच: आयटिल म्हणजे आयटी सेवा नीट चालवायच्या पद्धतींचा लिहून ठेवलेला सल्ला, आयएसओ २०००० हे त्याच कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आणि बिझनेस एक्सलन्स म्हणजे कंपनी एकूण कशी चालते याचं मूल्यांकन. फायलींची भर होते का? होते. मी स्वतः तशा फायली तयार केल्या आहेत, त्यामुळे खात्रीने सांगते. पण तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुमच्या हातात औषध दिलंय आणि दुखणं काय ते कुणीच सांगितलेलं नाही. हे सगळं करून नेमकं काय कमी व्हायला हवं, काय वाढायला हवं, याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळ नाही. बहुधा तुम्हाला आलेल्या निरोपातही नसेल. ती ओळ लिहिली जात नाही तोवर कुठलीही चौकट आणली तरी तिचे कागदी घोडेच होणार.

सतरा-अठरा वर्षं मी या कामात आहे. आधी सर्व्हिस डेस्क (आयटीच्या तक्रारी घेणारा कक्ष), मग चेंज मॅनेजर (प्रणालीतल्या बदलांवर देखरेख ठेवणारी), आता अंतर्गत ऑडिट आणि सुधारणा. त्यातला एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, पुढचं सगळं त्याच्या आधाराने बोलता येईल.

एका उत्पादन कंपनीत मी सर्व्हिस डेस्कची जबाबदारी घेतली तेव्हा दर महिन्याचा रिपोर्ट हिरवागार असायचा. चार तासांच्या एसएलएत, म्हणजे विभागांना कबूल केलेल्या वेळेत, जवळपास सगळी तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद, प्रणालीची उपलब्धता ९९.५ टक्क्यांच्या वर. माझ्या पहिल्याच आढावा बैठकीत डिस्पॅचचे, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचे, प्रमुख म्हणाले, "तुमचा रिपोर्ट हिरवा, माझे ट्रक उभे." हशा झाला आणि विषय पुढे सरकला. मला मात्र ते लागलं. मागच्या वर्षाची तिकिटं काढून बसले. डिस्पॅचकडून 'लेबल छापलं जात नाही' अशी साठेक तिकिटं आलेली. प्रत्येकावर तोच शेरा: प्रिंट सर्व्हिस रीस्टार्ट केली, युजरने खात्री केली, तिकीट बंद. सरासरी वीस मिनिटं. चार तासांच्या हिशेबात ही तर कौतुकाची कामगिरी!

मग तिकिटांच्या वेळा एका खाली एक लावल्या. जवळजवळ सगळी दुपारी चार ते साडेचारमधली. डिस्पॅचची ती सगळ्यात घाईची वेळ, म्हणून 'लोड जास्त असतो' असं सगळ्यांनी मनाशी धरून टाकलेलं. डेटाबेस बघणाऱ्या मुलाला शेजारी बसवलं आणि आम्ही चार वाजायची वाट बघत बसलो. चारच्या ठोक्याला एक मोठा रिपोर्ट जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) सुरू झाला, त्याने डेटाबेसमधल्या लेबलांच्या टेबलावर लॉक घेतला, म्हणजे ते इतरांसाठी अडवून ठेवलं, आणि लेबलं रांगेत अडकली. वीस-बावीस मिनिटांनी जॉब संपला, लॉक सुटला, लेबलं धडाधड बाहेर पडली. त्या दिवशी कुणी काहीही रीस्टार्ट केलं नव्हतं. म्हणजे वर्षभर आमच्या रीस्टार्टने काहीच होत नव्हतं. तिकीट येऊन, कुणीतरी उचलून, रीस्टार्ट करेपर्यंत जॉब आपोआप संपत आलेला असायचा आणि श्रेय आम्ही घ्यायचो.

हा जॉब पूर्वी रात्री चालायचा. अर्थविभागाला तो रिपोर्ट संध्याकाळी पाचपर्यंत हवा होता, म्हणून कुणीतरी त्याची वेळ बदलून दिली. मागणी रास्त, काम दोन मिनिटांचं, नोंद कुठेच नाही. ज्याने बदललं त्याला लेबलांशी देणंघेणं नव्हतं, जो रीस्टार्ट करायचा त्याला जॉबची खबर नव्हती. दोन्ही टोकं एकत्र दिसतील अशी जागाच कंपनीत नव्हती. पुढे रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत दिली आणि ती तिकिटं बंद झाली.

आता आकडेमोड बघा. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.५ टक्के उपलब्धता म्हणजे २१६ मिनिटं सेवा बंद राहायची मुभा, साडेतीन तासांहून जास्त. महिन्याला पाच वेळा वीस मिनिटं म्हणजे १००. रिपोर्ट खोटं बोलत नव्हता. तो जिथून मोजत होता तिथून ट्रक दिसत नव्हते, इतकंच. बरं, आकडा ९९.९ केला असता तर? मुभा ४३ मिनिटांवर येते. तरीही महिनाअखेरच्या एखाद्या दिवशीची ऐन घाईतली वीस मिनिटं त्यात आरामात बसतात. आमच्या क्षेत्रात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आत लाल.

आयटिलमधले तीन शब्द या एका प्रसंगात पुरेपूर दिसतात. सेवा अडली की तो इन्सिडेंट, तिथे एकच काम: ती लवकर सुरू करा. ती पुन्हा पुन्हा का अडते हा प्रॉब्लेम, त्याला वेगळी नोंद आणि वेगळा माणूस लागतो. कारण फोन वाजत असताना कुणी कारणं शोधत बसू शकत नाही आणि बसूही नये. आणि चालू व्यवस्थेत कुणी काही हलवलं की तो चेंज. आमच्याकडे साठ इन्सिडेंट होते, प्रॉब्लेमची नोंद शून्य आणि ज्या चेंजमुळे हे घडलं त्याचा मागमूस नाही. चौकटीचा धंद्याला होणारा पहिला फायदा मला विचाराल तर हाच: तीन वेगळ्या खिशांतली माहिती एका टेबलावर येते. बाकीचं बरंचसं त्यावरचं बांधकाम आहे.

तुमच्या निरोपात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. आयटिलचा जन्म ब्रिटिश सरकारच्या सेंट्रल कम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सीत झाला, पहिली पुस्तकं १९८९ च्या सुमाराची. सरकारी खाती संगणकांवर भरमसाट खर्च करत होती आणि प्रत्येक खातं आपापल्या पद्धतीने. त्यातून चांगल्या पद्धती गोळा करून लिहिल्या गेल्या. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत सेवेचे पाच टप्पे आले, २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत ३४ प्रॅक्टिसेस आणि सात मार्गदर्शक तत्त्वं. पण काही झालं तरी हा सल्ला आहे. आयटिलची परीक्षा माणूस देतो, कंपनी देत नाही. 'आमची कंपनी आयटिल सर्टिफाइड आहे' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आणि चौदा जणांत ३४ प्रॅक्टिसेस वाटायच्या म्हटल्या तर माणशी जवळपास अडीच येतात. वर्षभरात सगळं लागू करायचा हट्ट धरला तर काय होईल ते यावरूनच समजा.

आयएसओ २०००० हे मात्र मानक आहे. ब्रिटनच्या बीएस १५००० वरून ते २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय झालं, मग २०११ आणि २०१८ मध्ये सुधारलं. त्याच्या पहिल्या भागातली भाषा 'करावे' अशी नाही, 'केलेच पाहिजे' अशी आहे आणि बाहेरचा ऑडिटर पुरावा मागतो. प्रमाणपत्र संस्थेला मिळतं, साधारण तीन वर्षांचं, आणि मधल्या वर्षांत पाहणी ऑडिट होतच राहतं. तुमची बरीच कामं क्लाउड किंवा व्हेंडरकडे असतील तर एक गोष्ट आधीच बघून ठेवा: सगळ्याच सेवा आणि प्रक्रिया दुसऱ्यांच्या हवाली करून या मानकाला अनुरूप असल्याचा दावा करता येत नाही. काम बाहेर देता येतं, जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

कोबिटचं नाव तुम्ही घेतलेलं नाही, पण व्यवस्थापनातलं कुणीतरी घेईलच. ती आयसाका या संस्थेची चौकट, १९९६ पासूनची. तिच्या २०१९ च्या आवृत्तीत ४० उद्दिष्टं आहेत आणि त्यातली पाच थेट संचालक मंडळासाठी. आयटीवरचा पैसा कुठे जावा आणि कोणती जोखीम घ्यावी हे ठरवायला ती कामाची. चौदा जणांच्या टीमने ती पूर्ण उचलू नये. ती पाच वाचून वरच्यांना दोन-तीन अवघड प्रश्न विचारा, सध्या तेवढा उपयोग पुरे.

आता एक्सलन्सकडे येते. जपानमधलं डेमिंग पारितोषिक १९५१ पासूनचं, अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज पुरस्कार १९८७ च्या कायद्याने आला आणि १९८८ मध्ये चौदा युरोपीय कंपन्यांनी मिळून ईएफक्यूएमचा पाया घातला. तुमची कंपनी यातल्या कुठल्या घराण्याच्या मॉडेलवर जातेय ते विचारून घ्या, पण गाभा सारखाच आहे. ही मॉडेल्स तुम्हाला अमुक चौकट वापरा असं सांगत नाहीत. ती विचारतात: काय साधायचं ठरवलं होतं, त्यासाठी पद्धत कोणती निवडली, ती सगळीकडे रुजली का, आणि तपासून तुम्ही ती सुधारली का. ईएफक्यूएममध्ये या विचाराच्या साखळीला रडार म्हणतात. बाल्ड्रिजच्या चौकटीत बराच काळ १००० पैकी ४५० गुण एकट्या निकालांना राहिले आहेत. आणि निकाल म्हणजे एकटा आकडा धरत नाहीत. पातळी, कल आणि तुलना, तिन्ही लागतात.

मूल्यांकन करणाऱ्यांसमोर मी काही वेळा बसले आहे. त्यांचा सगळ्यात बोचरा प्रश्न हा असतो: हा निकाल तुमच्या पद्धतीमुळेच आला, हे कशावरून? मालवाहतूक वेळेवर निघण्याचं प्रमाण सुधारलं म्हणता, ठीक. पण त्या तिमाहीत ऑर्डरीच कमी असतील तर? लेबलांच्या बाबतीत आमच्याकडे उत्तर होतं, कारण तोवर नोंदी ठेवायला लागलो होतो. प्रॉब्लेमची नोंद कधी उघडली, कोणता चेंज कोणत्या तारखेला गेला, त्यानंतर चार ते साडेचारची तिकिटं कशी आटली आणि त्याच आठवड्यापासून शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडायची वेळ किती अलीकडे आली, हे एका पानावर दाखवता आलं. भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे मूल्यांकनाला आलेल्या बाईंनी पाहिलंसुद्धा नाही. त्या पानावर मात्र अर्धा तास गेला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: मिळतं, पण प्रमाणपत्राच्या वाटेने फार थोडं. कारण आणि परिणाम जोडून दाखवतील अशा नोंदींच्या वाटेने पुष्कळ.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुमच्या आयटी सेवा बाहेरचे ग्राहक विकत घेत असतील, किंवा निविदेत प्रमाणपत्राची अटच असेल, तर आयएसओ २०००० लवकर घ्या, तिथे ते थेट धंदा मिळवून देतं. सेवा फक्त आतल्या विभागांसाठी असेल तर मी ते दुसऱ्या वर्षावर ढकलीन. कंपनीकडे आयएसओ ९००१ (गुणवत्तेचं) किंवा २७००१ (माहिती सुरक्षेचं) आधीपासून असेल तर काम बरंच हलकं होतं. २०१८ ची आवृत्ती त्याच सामाईक सांगाड्यावर बेतलेली आहे, त्यामुळे अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापनाचा आढावा, कागदपत्रांवरचं नियंत्रण हे सगळं नव्याने उभारायची गरज नाही. गुणवत्ता विभागाशी जाऊन बोला. पुष्कळ आयटीवाल्यांना आपल्याच कंपनीत हे आयतं पडलेलं आहे याचा पत्ता नसतो. आणि टीम सतत आगी विझवत असेल, रात्री-अपरात्री फोन येत असतील, तर वर्षभरात प्रमाणपत्राची घाई करू नका. दमलेली माणसं फॉर्म भरतात, विचार करत नाहीत.

सुरुवातीचं बोलायचं तर मी सेवांच्या यादीपासून करीन. वीसच्या वर नको, आणि नावं वापरणाऱ्याच्या भाषेत. 'प्रिंट सर्व्हर दोन' ही सेवा नव्हे. 'डिस्पॅचची लेबलं छापणं' ही सेवा. प्रत्येकीपुढे एकच वाक्य लिहायचं: ही अडली तर कुणाचं काय थांबतं आणि कोणत्या वेळी सगळ्यात जास्त दुखतं. हे वाक्य तुमच्या टीमने लिहायचं नाही, त्या विभागाकडून लिहून घ्यायचं. याच यादीतून पुढे एसएलए निघतात. महिन्याची सरासरी उपलब्धता हवी तर मोजा, पण तिच्याशेजारी 'महत्त्वाच्या वेळेत अडलेली मिनिटं' हा रकाना ठेवा. लेबलांच्या त्या रिपोर्टात हा एक रकाना असता तर पहिल्या महिन्यातच लाल दिसला असता.

दुसरं, प्रॉब्लेमची नोंद. नियम अगदी साधा ठेवा: तेच दुखणं महिन्यात तिसऱ्यांदा आलं की नोंद उघडायची आणि तिला एका माणसाचं नाव द्यायचं. एका वेळी तीन-चारहून जास्त नोंदी उघड्या ठेवू नका. मी एके ठिकाणी चाळीस उघडल्या होत्या आणि एकही बंद झाली नाही.

तिसरं चेंज, आणि इथे सगळ्यात जास्त सांभाळा. चेंजची शिस्त म्हटलं की लोक आधी समिती बसवतात. मी चेंज मॅनेजर असताना आमची समिती दर बुधवारी बसायची. सहा महिन्यांनी पाहिलं तर निम्म्याच्या आसपास चेंज 'इमर्जन्सी' म्हणून आलेले. आग कुठेच लागलेली नव्हती. गुरुवारी सुचलेल्या कामासाठी सहा दिवस थांबायचं नव्हतं, एवढंच. मी आधी मुलांवर चिडले, मग कळलं की प्रक्रियाच त्यांना खोटं बोलायला शिकवतेय. नेहमीचे, कमी जोखमीचे, पाऊलपाऊल लिहून ठेवलेले चेंज आम्ही स्टँडर्ड म्हणून आधीच मंजूर करून टाकले. नोंद करायची, परवानगीसाठी थांबायचं नाही. समितीसमोर फक्त अवघड बदल, रोलबॅक कसा करणार (फसलं तर पूर्ववत कसं आणणार) या प्रश्नासकट. इमर्जन्सीचा ढीग दोन-तीन महिन्यांत उतरला. जॉबची वेळ बदलणं अशाच स्टँडर्ड चेंजमध्ये बसलं असतं. त्याला कुणी अडवायची गरज नव्हती, पण चार वाजता काय बदललं असं विचारणाऱ्याला ती ओळ सापडली असती.

सीएमडीबीच्या, म्हणजे आयटीतली प्रत्येक वस्तू आणि तिचे संबंध नोंदवणाऱ्या साठ्याच्या, मोहात पहिल्या वर्षी पडू नका. प्रत्येक माउस आणि केबल नोंदवायला निघालेले प्रकल्प मी पाहिले आहेत, यादी पुरी होईपर्यंत तिचा पहिला अर्धा भाग शिळा झालेला असतो. त्या वीस सेवा कशाकशावर उभ्या आहेत तेवढा नकाशा काढा. टूलबद्दल काही विचारलेलं नाहीत, ते बरं केलंत. आहे ते वापरा.

टीममधून विरोध येईल. तिकिटं म्हणजे आपल्यावर पाळत, असं सर्व्हिस डेस्कच्या मुलांना वाटतं आणि त्यांचं फारसं चुकत नाही. माणशी बंद केलेली तिकिटं मोजून बक्षिसं वाटलीत तर तिकिटं झटपट बंद होतील, कामं होणार नाहीत. एकाच तक्रारीची तीन तिकिटं पाडणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यामुळे आकडे सेवेचे ठेवा, माणसांचे नकोत. निदान पहिलं वर्ष तरी.

व्यवस्थापनाला काय कळवायचं? 'वर्षभरात आयटिल' याऐवजी त्यांच्यापुढे तीन ओळी ठेवा: कोणत्या दोन-तीन सेवांमुळे धंद्याचं नुकसान होतंय, ते किती कमी करू, आणि कोणत्या महिन्यापासून आकडे दाखवू. प्रमाणपत्राची तारीख त्याखाली, वेगळी. एक्सलन्सच्या अर्जात कल दाखवावा लागतो आणि एका वर्षाच्या आकड्यांतून कल दिसत नाही. म्हणून मोजणी प्रक्रिया तयार व्हायची वाट न बघता याच महिन्यात सुरू करा. साध्या एक्सेलमध्ये केली तरी चालेल. आयटिलच्या सात तत्त्वांतलं 'आहात तिथून सुरुवात करा' हे मला म्हणूनच सगळ्यात पटतं.

तिकिटं काढून बघायच्या आधी मात्र एक करा. तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्या विभागात, त्यांच्या ऐन घाईच्या तासाला, जाऊन उभे राहा. रिपोर्ट नेऊ नका. त्या विभागाच्या तिकिटांवर शेरा लिहून ती बंद करणारा जो मुलगा आहे, त्याला सोबत न्या.